चांदीची तार, तांब्याची तार : एका जुन्या भाषणाची दुरुस्ती

(नागपूर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि उत्तरं दिली आहेत.)

मे महिन्यात नागपुरात संध्याकाळी साडेसहाला कुणी घराबाहेर पडत नाही, आणि तुम्ही हेडफोनच्या केबलवरचं भाषण ऐकायला आलात. तेव्हा आधीच सांगून टाकतो. आजचं भाषण नवं नाही, दुरुस्ती आहे.

तीन वर्षांपूर्वी याच मालेत मी हेडफोनवर बोललो होतो. तासभर बरं बोललो असेन. शेवटची दहा मिनिटं मात्र मी केबलवर बोललो. त्या दहा मिनिटांचं शब्दांकन अजून मालेत आहे, ते काढू नका असं मीच संयोजकांना सांगितलंय. त्यात मी काय म्हणालो ते वाचून दाखवतो. “चांदीच्या तारेने आवाजावरचा पडदा दूर होतो. वरचे स्वर चमकतात, तानेचा कण न् कण सुटा होतो. तांब्याची तार उबदार आहे, गोल आहे, पण जराशी आळशी आहे.” टाळ्या पडल्या होत्या.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी सीताबर्डीवर एक मुलगा भेटला. भाषणाला आला होता. पहिल्याच नोकरीतल्या पगारातून, हप्त्यांवर, त्याने अठरा हजारांची चांदीची केबल घेतली होती. हेडफोन त्याचा चांगलाच होता. तो मला म्हणाला, “सर, मला फरक ऐकू येत नाही. माझा कान खराब आहे का?”

मी त्याला काय सांगितलं असेल? म्हटलं, थोडे दिवस ऐक, कान तयार होईल. हे उत्तर मला आज फार टोचतं. अठरा हजार गेले ते गेले, पण त्या मुलाच्या मनात त्याच्या स्वतःच्या कानाबद्दल मी शंका घालून ठेवली. त्याचा कान बरोबर सांगत होता. चुकलं होतं माझं भाषण. तेव्हा आज परीक्षण करायचं ते केबलचं कमी आणि माझ्या त्या तीन वाक्यांचं जास्त.

पहिल्यांदा विशेषणं बघा. चमकदार, उबदार, गोल, आळशी. यातलं कानाचं विशेषण कोणतं? चांदी पांढरी असते, चकाकते, म्हणून तिचा आवाज चमकदार. तांबं लालसर, आपल्या घरात बंबाचा रंग तोच, म्हणून त्याचा आवाज उबदार. मी कानाने ऐकून लिहीत नव्हतो, धातूच्या रंगावरून लिहीत होतो. जगातल्या जवळजवळ सगळ्या केबल-परीक्षणांत हेच आहे. सोन्याचा मुलामा दिलेल्या तारेबद्दल वाचा, आवाज ‘श्रीमंत’ असतो. उद्या कुणी शिशाची केबल विकली तर तिचा आवाज ‘वजनदार’ निघेल. आणि तो ‘पडदा’? तोही माझा नव्हता. इंग्रजी मासिकांतून उचललेला होता, चाळीस वर्षं वापरून झिजलेला.

आता कुणी म्हणेल, काहून बाप्पा, तारेचा धातू बदलला की आवाज बदलतो हे तर आपण लहानपणापासून जाणतो. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा पोलादी असतात, खर्जाची पितळी किंवा ब्राँझची. खर्जाला पोलादी तार चढवून बघा, मिरजेचा कारागीर तुम्हाला दुकानाबाहेर काढेल. हे शंभर टक्के खरं आहे. मला वाटतं, आपल्याकडच्या रसिकांना केबलची गोष्ट इतकी चटकन पटते त्याचं कारणही हेच आहे. आपण ‘तार’ हा शब्द ऐकला की मनात तानपुरा येतो.

पण तानपुऱ्याची तार कंप पावते. तिचं वजन, तिचा ताण, तिची लवचिकता, घोडीवर ती कशी टेकते, जवारीचा धागा कुठे बसलाय, या सगळ्यांतून नाद तयार होतो. तिथे तार हे वाद्य आहे. केबलमधली तार काही वाजत नाही. ती अँप्लिफायरकडचा विजेचा दाब हेडफोनपर्यंत पोचवते, बस्स. ती हलली तरी बिघाड समजायचा. दोन्हींना मराठीत तारच म्हणतात, आणि मी त्या एका शब्दावर दहा मिनिटं काढली.

आता केबलने वीज पोचवताना काय काय बिघडू शकतं ते पाहू. इथे आकडे येतील, पण ते रस्त्याच्या भाषेत सांगतो.

चांदी तांब्यापेक्षा चांगली वाहक आहे, हे खरं. सर्वांत चांगला वाहक धातू तीच. किती चांगली? १९१३ साली विद्युत-तंत्राच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने शुद्ध, तापवून मऊ केलेल्या तांब्याची वाहकता म्हणजे शंभर टक्के असं मानक ठरवलं. त्या मापावर चांदी एकशे पाच-सहाच्या आसपास येते. म्हणजे सगळा खेळ पाच-सहा टक्क्यांचा.

आता सेनहायझरचा एचडी ६०० घ्या. १९९७ पासून बाजारात आहे, आपल्यापैकी अनेकांकडे असेल. त्याचा रोध ३०० ओहम. दीड मीटरची साधी तांब्याची केबल, आत ०.४ मिलिमीटर व्यासाची तार. वीज जाते आणि परत येते, म्हणजे तीन मीटर तार. तिचा रोध साधारण ०.४ ओहम. तीच तार चांदीची केली तर ०.३८. फरक दोन शतांश ओहमचा, आणि पुढे उभे आहेत ३०० ओहम.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर आहे. समजा, अँप्लिफायर इथे नागपुरात आहे आणि आवाज मुंबईच्या टोकाला निघतो. या सगळ्या रस्त्यात केबलचा वाटा एक किलोमीटरपेक्षाही कमी. बाकी सगळा रस्ता हेडफोनच्या आतल्या कॉइलचा, केसासारख्या बारीक तारेच्या वेढ्यांचा, आणि ती तार तांब्याची नाही तर अ‍ॅल्युमिनियमची असते. चांदीची केबल घेऊन आपण काय केलं? त्या एका किलोमीटरमधले पन्नास-साठ मीटर वाचवले. टोलनाक्यावरची रांग याहून लांब असते. (हशा)

डेसिबलमध्ये सांगायचं तर हा फरक एका डेसिबलच्या हजाराव्या भागाहून कमी. माणसाच्या कानाला साधारणपणे एक डेसिबलचा फरक सहज कळतो. कसलेल्या कानाला, शांत खोलीत, दोन नमुने लागोपाठ ऐकवले तर दोन-तीन दशांशही कळू शकतो. हजारावा भाग कुणालाही कळत नाही. मलाही कळला नव्हता.

आणखी एक मुद्दा नेहमी पुढे येतो, तो लवकर उरकतो. उंच वारंवारितेला वीज तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहते, म्हणून वरच्या स्वरांना चांदी हवी, असं म्हणतात. परिणाम खरा आहे. पण २० हजार हर्ट्‌झला, म्हणजे आपल्या श्रवणाच्या अगदी टोकाला, तांब्यात ही खोली अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जराशीच कमी भरते. आपली तार मुळात ०.४ मिलिमीटर जाडीची. तिच्या पोटात मध्यापर्यंत जायचं तर ०.२ मिलिमीटर. म्हणजे अख्खी तारच पृष्ठभाग. विषय संपला.

आता मला ज्या ठिकाणी थांबायचंय तिथे येतो, कारण इथे माझ्यासारखे नव्याने शहाणे झालेले लोक उलटी चूक करतात. ‘केबलने कधीच काही फरक पडत नाही’ म्हणतात. पडतो. कानात खोल बसणारे जे इन-इअर असतात, विशेषतः एकेका कानात चार-पाच छोटे ड्रायव्हर असणारे, त्यांचा रोध फार कमी असतो आणि प्रत्येक स्वराला वेगळा असतो. समजा, एका पट्टीत ५ ओहम आणि दुसऱ्या पट्टीत ४०. आता ०.४ ओहमची केबल लावा. ५ ओहमच्या जागी आवाज पाऊण डेसिबलच्या जवळपास उतरतो, ४० च्या जागी जेमतेम एक दशांश. म्हणजे त्या इन-इअरचा तोलच अर्ध्या डेसिबलहून जास्त बदलला. हे तयार कानाला ऐकू येऊ शकतं. कल्पना नाही, गणित आहे.

मग चांदी लावली तर? तोलातला फरक डेसिबलच्या तीन शतांशाने सुधारतो. आणि तांब्याचीच तार दुप्पट काटछेदाची, म्हणजे जाड घेतली तर? फरक जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणजे चांदीच्या दहापट फायदा साध्या तांब्याने दिला, कारण ते जाड होतं. हे नीट लक्षात घ्या, कारण अनेकांचा प्रामाणिक अनुभव इथून येतो. कंपनीची बारीक केबल काढून चांदीची जाड केबल लावली, आवाज खरोखर बदलला, आणि श्रेय मिळालं धातूला. त्या लोकांनी ऐकलं ते खरं होतं, नाव चुकीचं दिलं. आणि तुमच्या मोबाइलचा, अ‍ॅडॅप्टरचा स्वतःचा रोध दोन-तीन ओहम असेल, तर तो या सगळ्या केबलपुराणाला एका घासात गिळतो. इन-इअर वापरत असाल तर आधी ते तपासा.

आता ‘चांदीचा मुलामा दिलेलं तांबं’ हा तिसरा प्रकार. बाजारात ‘चांदीची’ म्हणून जे मिळतं त्यात खूपसा हाच असतो. पैठणी घेतलेल्या घरांत हे समजावून सांगावं लागत नाही. खरी जर म्हणजे चांदीची तार आणि वर सोन्याचा मुलामा. खोटी जर म्हणजे तांब्याची तार, वर चांदीचं पाणी. दुकानदार खोटी जर खरी म्हणून विकायला लागला तर आपल्या आया-मावश्या त्याला सोडत नसत. केबलच्या डबीवर मात्र आपण ‘प्युअर सिल्व्हर’ आणि ‘सिल्व्हर प्लेटेड’ यांतला फरक वाचायची तसदी घेत नाही.

गंमत अशी की मुलाम्याची तार काही फसवणुकीसाठी जन्मली नाही. तिचं काम वेगळं आहे. विमानात, यंत्रांत जिथे तारेवर टेफ्लॉनचं आवरण लागतं, तिथे ते आवरण चढवताना खूप उष्णता असते. उघडं तांबं तिथे काळवंडतं. कथलाचा मुलामा, म्हणजे आपली कल्हईच म्हणा, तीही त्या तापमानाला पुरी पडत नाही. चांदी टिकते. म्हणून चांदी. आपल्या आजीने पातेल्याला कल्हई लावली ती आंबट वरणाची चव चमकदार व्हावी म्हणून नव्हे, तांबं कळकू नये म्हणून. सेनहायझरच्या एचडी ८०० बरोबर कंपनी स्वतःच चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची केबल देत असे, आणि ती केबल उत्तम होती. उत्तम यासाठी की मजबूत होती, जोड पक्के होते.

चांदीच्या तारेची जगातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला ओक रिजच्या कारखान्यात युरेनियम वेगळं करायला प्रचंड चुंबकं हवी होती आणि त्यांच्या कॉइलसाठी धातू. तांबं सगळं तोफगोळ्यांच्या कवचांना चाललेलं. मग त्यांनी सरकारी तिजोरीतून चांदी उसनी घेतली. तेरा हजार टनांहून जास्त! तिच्या पट्ट्या केल्या, कॉइल गुंडाळल्या, काम झालं, आणि चांदी परत केली. शेवटचा हिस्सा १९७० मध्ये परत गेला. तिथे चांदी वाहक म्हणून एवढी वापरली गेली ती तांब्याला पर्याय म्हणून, तांबं मिळेना म्हणून. आपल्याला तशी अडचण नाही. इथून गोंदियावरून बालाघाटला जा, पुढे मलाजखंडला हिंदुस्थान कॉपरची तांब्याची खाण आहे.

पैशाचं आता बोलू, नाही तर आपण विदर्भातले कसले. माझी स्वतःची चांदीची केबल घेऊन मी इतवारीच्या सराफ्यात गेलो. ओळखीचे सराफ आहेत. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. चांदी किती असेल म्हणून मी विचारलं. त्यांनी मलाच हिशेब करायला लावला. दीड मीटरची केबल, आत चार तारा, म्हणजे सहा मीटर, व्यास ०.४ मिलिमीटर. भरली साधारण आठ ग्रॅम. तोळाभरही नाही. चांदीचा किलोचा भाव लाख रुपये धरा, दोन लाख धरा, आठ ग्रॅमचे होतात आठशे ते सोळाशे. मी दिले होते अठरा हजारांच्या वर. सराफ म्हणाले, “आम्ही पैंजणांवर मजुरी जरा जास्त लावली तर तुम्ही लोक दुकान डोक्यावर घेता. या माणसाचा पत्ता द्या मला, त्याच्याकडे उमेदवारी करतो.” (हशा) विणकाम, प्लग, सोल्डरिंग, त्या माणसाचा वेळ याला किंमत आहे, ती द्यावी. पण ती मजुरी आहे. मजुरीला मजुरी म्हणावं, धातूचा गुण म्हणू नये.

आता माझ्या फजितीकडे येतो. त्या मुलाच्या प्रश्नानंतर वर्षभर मी काही केलं नाही. मग मागच्या उन्हाळ्यात माझा भाचा सुट्टीला आला होता, इंजिनिअरिंगला आहे, त्याला म्हटलं आपण तपासू. खुर्चीत बसलो. डोळ्यांवर दुपट्टा, आपला उन्हात बांधतो तोच. केबल खुर्चीच्या मागून नेलेली, म्हणजे हाताला तिचा मऊपणा, वजन कळू नये. अँप्लिफायरचा आवाज एकदा लावला तो हलवायचा नाही. कारण थोडासा मोठा आवाज आपल्याला नेहमी ‘चांगला’ वाटतो, ही कानाची जुनी खोड. भाचा नाणं उडवणार, छापा आला तर चांदी, काटा आला तर तांबं, आणि कागदावर लिहून ठेवणार. ऐकायला डॉ. वसंतराव देशपांड्यांचं ‘कट्यार काळजात घुसली’मधलं गाणं. ते मी इतक्यांदा ऐकलंय की श्वास कुठे घेतला तेही पाठ आहे. वसंतराव लहानपणी आपल्याच नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले, नाटक लिहिणारे दारव्हेकर मास्तरही इथलेच, तेव्हा म्हटलं परीक्षा घरचीच असू द्या.

सोळा वेळा ऐकलं. नऊ बरोबर आले. मी खूश! निम्म्याहून जास्त! भाचा म्हणाला, “मामा, नुसतं नाणं उडवून सांगितलं असतं तरी सात, आठ, नऊ येतातच. सोळात बारा आले तर मानू.” मी म्हटलं, दुपट्ट्यामुळे अस्वस्थ वाटतंय. डोळे बांधले की ऐकण्याची लय जाते. हा युक्तिवाद मी दुसऱ्यांकडून ऐकला असता तर हसलो असतो.

मग दुपट्टा काढला. भाचा म्हणाला, आता उघड्या डोळ्यांनी करू, मी मागे जाऊन बदलतो आणि कोणती लावली ते सांगतो. तुम्ही वहीत लिहा. पहिली तांबं. लिहिलं. मग तो मागे गेला, खटपट केली, म्हणाला चांदी. मी ऐकलं. आणि मंडळी, मला ऐकू आलं. अगदी स्पष्ट. तानेची टोकं सुटी झाली, तबल्याची चाट पुढे आली, हार्मोनियमच्या भात्याचा श्वास ऐकू आला, जो आधी ऐकलाच नव्हता. अर्धं पान लिहून काढलं. आनंदाने त्याला दाखवलं, बघ, हे का उगाच येतं?

तो म्हणाला, “मामा, चिडू नका. केबल मी बदललीच नव्हती.”

मी चिडलो. दोन दिवस त्याच्याशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती वही परत उघडली आणि मला एक गोष्ट दिसली, जिच्यासाठी आजचं हे सगळं भाषण आहे. त्या अर्ध्या पानात खोटं काही नव्हतं. भात्याचा श्वास त्या ध्वनिमुद्रणात आहेच. आत्ताही आहे. तबल्याची चाट आहेच. मी पहिल्यांदा ऐकताना वसंतरावांचं गाणं ऐकत होतो. दुसऱ्यांदा मी कारण शोधत होतो, म्हणून कान टवकारून प्रत्येक कोपरा चाचपत होतो, आणि कोपऱ्यात जे होतं ते सापडलं. ऐकलं मी, श्रेय दिलं आठ ग्रॅम चांदीला. सीताबर्डीवर भेटलेल्या त्या मुलाने तेवढं केलं नव्हतं. त्याने प्रामाणिकपणे नुसतं ऐकलं, आणि फरक नाही म्हणाला.

तेव्हा त्या जुन्या तीन वाक्यांवर माझा शेरा असा : “पडदा दूर होतो” हे चूक. “वरचे स्वर चमकतात” हे डोळ्याने लिहिलेलं. “तांबं आळशी आहे” ही तांब्याची बदनामी. ज्या गाण्यासाठी हा खटाटोप, ते गाणं मुद्रित होताना मायक्रोफोनची कॉइल, ट्रान्सफॉर्मरचे शेकडो वेढे, टेपयंत्राचं हेड अशा तांब्यातूनच आलंय. तिथे तान आळसावली नाही. शेवटच्या दीड मीटरमध्ये ती काहून आळसावेल?

केबल बदलू नका असं मी म्हणत नाहीये. मोडली तर बदला. फार लांब असेल, पायात येत असेल तर बदला. कपड्याला घासून खरखर कानात येत असेल तर जरूर बदला, हा खरा, ऐकू येणारा दोष आहे आणि मऊ विणलेल्या केबलने तो जातो. जोडणीचा प्लग वेगळा हवा असेल, बदला. दिसायला आवडली म्हणून घ्या, त्यात लाज नाही, आपण मनगटावर घड्याळ वेळेसाठी थोडंच बांधतो. पण त्याआधी तुमच्या हेडफोनचे इअरपॅड बघा. नागपूरच्या उन्हाळ्यात घामाने ते दोन-तीन वर्षांत बसतात, सोलपटतात. पॅड बसला की ड्रायव्हर कानाजवळ येतो, फट पडली की खर्ज गळतो, आणि हा फरक कित्येक डेसिबलचा असतो. चष्म्याची जाड काडी पॅडखाली आली तरी खर्ज हलतो. मी चांदीची केबल घेतली त्या वर्षी माझे पॅड चपटे झालेले होते. त्यावर एक वाक्य मी भाषणात बोललो नव्हतो.

प्रश्न असतील तर घेऊ.

श्रोता : पण एवढी अनुभवी मंडळी, मोठमोठे परीक्षक फरक सांगतात. ते सगळे खोटं बोलतात का?

नाही. मी खोटं बोललो नव्हतो, तसंच त्यांचं. २०१० साली इंडियानापोलिसमध्ये एकवीस कसलेल्या व्हायोलिनवादकांना अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांना गॉगल लावून, जुनी इटालियन आणि नवी व्हायोलिनं वाजवायला दिली होती. २०१२ मध्ये तो प्रयोग प्रसिद्ध झाला. सर्वांत जास्त पसंती एका नव्या व्हायोलिनला मिळाली, सर्वांत कमी एका स्ट्रॅडिव्हेरियसला. ते वादक खोटं बोलणारे नव्हते, आयुष्य त्यात घातलेले होते. आणि लक्षात घ्या, तिथे लाकूड खरोखर वाजत होतं, खरे फरक होते. तरी नाव झाकलं की नावाचा आवाज गेला. केबलमध्ये तर वाजणारं काहीच नाही. परीक्षकाने निदान एवढं करावं, नाव झाकून ऐकलं की उघडं ठेवून, हे पहिल्या ओळीत लिहावं.

श्रोता (तरुण) : सर, माझ्याकडे चार ड्रायव्हरचे इन-इअर आहेत. मला चांदीच्या केबलने फरक ऐकू येतो. तुम्ही म्हणाल भास आहे.

मी तसं म्हणणार नाही. तुमच्या बाबतीत तो खरा असण्याची शक्यता मी मघाशीच सांगितली. मल्टिमीटर आहे घरी? दोन्ही केबलचा रोध मोजा. साध्या मल्टिमीटरवर इतका कमी रोध नीट येत नाही, आधी त्याच्या दोन पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करा. दोन केबलमध्ये दोन-तीन दशांश ओहमचा फरक निघाला तर तुमचा कान खरा आणि कारण बहुधा जाडी. मग जाड तांब्याची केबल आणून बघा, उरलेल्या पैशात मैफिलीची तिकिटं काढा. फरक नाहीच निघाला तर एखादा भाचा बोलवा. नसला तर माझा पाठवतो. (हशा)

श्रोता : चांदी काळी पडते, त्याने आवाज बिघडतो का? देवघरातली निरांजनं दर महिन्याला घासावी लागतात.

हवेतल्या गंधकाने वरचा पापुद्रा काळा होतो. तार आवरणाच्या आत असते, तिथे हे फार होत नाही, झालं तरी आतली तार चांदीच राहते. काळजी करायची तर प्लगची करा. प्लगचा पृष्ठभाग मळला की संपर्क जातो, खरखर होते, एक कान बंद पडतो. म्हणून प्लगवर सोन्याचा मुलामा देतात. सोनं कळकत नाही, एवढंच त्याचं तिथलं काम. वर्षातून एकदा स्वच्छ कापडाने पुसा. चिंच नका लावू.

श्रोती : तुमची ती चांदीची केबल आता कुठे आहे? विकली?

कोण घेणार, हे भाषण केल्यावर? (हशा) नाही, घरीच आहे. रोज तीच वापरतो. फार मऊ आहे हो, गुंता होत नाही, आणि माझ्या खुर्चीपासून अँप्लिफायरपर्यंत बरोब्बर पुरते. तांब्याची भाचा घेऊन गेला.